भावकाचे काम: सातपुड्यातली प्रयोगशील छायाचित्रे आणि अभिप्रायाचे नीतिशास्त्र

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचे गाव आहे. तिथल्या राजवाडी होळीची छायाचित्रे ढोबळमानाने दोन जातींची असतात. पहिल्या जातीत बुध्याच्या, म्हणजे नवस फेडण्यासाठी नटून नाचणाऱ्या माणसाच्या, अंगावरचे पांढरे ठिपके, कमरेला बांधलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावरचा मोरपिसांचा टोप असे सगळे लख्ख दिसते. दुसऱ्या जातीत यातले काहीच धड दिसत नाही. शटर सेकंदभर उघडे राहिल्यामुळे नाचणारा माणूस रेघांमध्ये विरून जातो, ठिपक्यांच्या साखळ्या होतात, आणि चेहऱ्याच्या जागी उजेडाचा एक ओघळ उरतो. पहिल्या जातीवर बोलणे सोपे असते, कारण फोटो नीट आला आहे की नाही हे कोणीही सांगू शकतो. दुसऱ्या जातीपुढे मात्र अभिप्राय देणाऱ्याची पंचाईत होते. 'हलला आहे' म्हणावे, तर तो मुद्दामच हलवलेला असतो. 'छान' म्हणावे, तर काय छान हे सांगता येत नाही. प्रयोग करणाऱ्याने नेहमीची मोजपट्टी आधीच मोडलेली असते. मग त्याच्या कामाबद्दल बोलण्याचा अधिकार कशातून येतो, आणि बोलणारा कोणाचे देणे लागतो, असा हा प्रश्न आहे. तो वरवर कलेचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे, म्हणजे वागणुकीचा आणि वाणीचा.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत रोखठोक मांडणी राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त सापडते. नवव्या-दहाव्या शतकांच्या सांध्यावर कनौजच्या प्रतिहार दरबारात वावरलेल्या या पंडिताचे घराणे महाराष्ट्राचे होते. प्रतिभा दोन प्रकारची असते, असे तो सांगतो. निर्माण करणारी ती कारयित्री, आणि निर्माण झालेले ग्रहण करणारी ती भावयित्री. कवीला पहिली हवी, भावकाला दुसरी. आस्वाद घेणाऱ्यालाही स्वतंत्र प्रतिभा लागते, असे मानले की अभिप्राय हे फावल्या वेळचे काम राहत नाही. पुढे तो भावकांचे चार प्रकार देतो. त्यांतले पहिले दोन मंगल नावाच्या आचार्याने सांगितलेले आहेत, उरलेले दोन राजशेखराने स्वतः जोडले आहेत.

पहिला अरोचकी. याला काहीच रुचत नाही. या अरुचीचेही राजशेखर दोन भाग पाडतो. एक जन्मजात, जी कितीही उपाय केले तरी जात नाही. दुसरी ज्ञानातून आलेली. पुष्कळ पाहिलेल्या माणसाला सामान्य काम फिके वाटते, पण खरोखर वेगळे काही समोर आले की त्याची रुची जागी होते. छायाचित्रांच्या स्पर्धांत हे दोन्ही अरोचकी परीक्षक म्हणून भेटतात. क्षितिज सरळ हवे, मुख्य विषय चौकटीच्या एक-तृतीयांशावर हवा, काळ्या भागात तपशील हवा, हे नियम एकाला पाठ असतात आणि ते मोडलेले दिसले की त्याचा निकाल तयार असतो. दुसराही तेच नियम जाणतो, पण ते कशासाठी मोडले हे शोधायला थांबतो. स्पर्धेची रचना पहिल्याच्या सोयीची असते, कारण शेकडो चित्रे ओळीने पडद्यावर येतात आणि प्रत्येकाला काही सेकंदांत गुण द्यायचे असतात.

दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळे खाऊन टाकणारा. त्याला सगळेच आवडते. मराठी माणसाला 'वा, अप्रतिम!' या दोन शब्दांतून त्याची ओळख पटावी. राजशेखर त्याच्यावर फारसा रागावत नाही. नवशिक्याच्या कुतूहलात विवेक कमी असायचाच, असे त्याचे म्हणणे. तरीही प्रयोग करणाऱ्याला या भावकाचा उपयोग शून्य असतो. दहा प्रयोगांतले नऊ फसतात, आणि दहाही 'अप्रतिम' ठरले की कोणता साधला हे कळायचा मार्गच बंद होतो. तिसरा मत्सरी. त्याला गुण दिसतात, पण सांगताना तो मुका होतो. एकाच गावचे, एकाच यात्रेला जाणारे, एकाच स्पर्धेत चित्रे पाठवणारे छायाचित्रकार एकमेकांच्या कामावर बोलतात तेव्हा हा प्रकार फार दूरचा नसतो. चौथा तत्त्वाभिनिवेशी, कृतीच्या गाभ्यापर्यंत पोचणारा. तो हजारांत एखादा, अशी राजशेखराची कबुली आहे.

गाभ्यापर्यंत पोचायला काय आडवे येते, याचे उत्तर अभिनवगुप्ताने दिले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत तो रसाच्या आस्वादातली सात विघ्ने सांगतो. प्रयोगशील छायाचित्राला त्यांतली दोन विशेष लागू पडतात. एक, समोरचे संभवच नाही असे वाटणे, म्हणजे 'असा फोटो असतो का?' या अविश्वासापाशीच अडकणे. दुसरे, स्वतःच्या किंवा परक्याच्या देशकाळात गुंतून पडणे. काठीच्या चित्राकडे पाहताना पुण्याचा परीक्षक 'हे कुठले, कोणत्या जमातीचे' याच चौकशीत राहतो. त्याच भागातल्या धडगावचा पाहणारा 'हा अमक्याचा मुलगा तर नव्हे' यात अडकतो. दोघांपैकी कोणीही अजून चित्र पाहिलेले नसते. या गुंत्यातून सुटका म्हणजे साधारणीकरण. रंगमंचावरचा राम हा अमुक नट राहत नाही, अमुक काळातला राजाही राहत नाही. त्याचे दुःख कोणाचेच नसते आणि म्हणून सगळ्यांचे होते.

इथे रससिद्धान्त आणि कॅमेरा यांच्यात एक पेच उभा राहतो, आणि या विषयाचा खरा कस तिथेच लागतो. नाटकातल्या रामाची परवानगी कोणी विचारत नाही. छायाचित्रातला बुध्या मात्र त्या रात्री, त्या जागी, रक्तामांसाने उभा होता. चित्रात तो कितीही पुसट झाला तरी त्याच्यावरून परतलेल्या उजेडानेच ते चित्र बनलेले आहे. छायाचित्रकाराचा प्रयोग माणसाला सामान्य करू पाहतो, पण छायाचित्राची जातच त्याला विशेष ठेवते. म्हणून कवितेच्या अभिप्रायात दोनच पक्ष असतात, कवी आणि भावक. माणसाच्या छायाचित्राच्या अभिप्रायात तिसरा असतो. त्याच्याविषयी अवाक्षर न काढता केलेली समीक्षा कितीही मर्मज्ञ असली तरी अपुरीच राहते.

या तिसऱ्याला विसरण्याचा इतिहास मुंबईतच सुरू होतो. 1854 साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत स्टुडिओत टिपलेली माणसे वेगळ्याच देखाव्यांवर चिकटवलेली आहेत. आजच्या भाषेत तो फोटोमोंताज होय, आणि त्या काळाच्या मानाने चांगलाच धाडसी प्रयोग. पाठोपाठ 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा सरकारी ग्रंथ आठ खंडांत आला, आणि त्यात माणसे नमुन्यांसारखी मांडली गेली. जॉन्सनच्या जोडकामातली सफाई वाखाणता येईल. पण आपल्या पाठीमागे भलतीच जागा आणून लावली आहे, हे त्या माणसांना कधी कळले असेल का, हा प्रश्नही त्या चित्राच्या अभिप्रायाचाच भाग आहे. आज संगणकावर बुध्याच्या मागची गर्दी आणि विजेचे दिवे पुसून तिथे तोरणमाळचे धुके आणणारा त्याच वाटेने चाललेला असतो, बहुधा नकळत.

काठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बुध्या किंवा बावा होणारा माणूस हौसेखातर नटलेला नसतो. तो नवस फेडत असतो आणि त्यासाठी पालन करत असतो. त्या दिवसांत आंघोळ करायची नाही, जमिनीवर झोपायचे, ब्रह्मचर्य राखायचे, असे नियम असतात. रात्रभर ढोलावर नाच चालतो आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. राख फासून, ठिपके काढून, टोप चढवून त्या माणसाने आपले रोजचे रूप स्वतःच बाजूला ठेवलेले असते. एका अर्थी त्याचे साधारणीकरण कॅमेरा येण्याआधीच झालेले असते. हे जाणणारा भावक धूसर चित्राकडे वेगळ्या नजरेने पाहील. चेहरा विरणे हे इथे छायाचित्रकाराचे चातुर्य नसून व्रताच्या स्वभावाशी जुळणारी गोष्ट असू शकते, आणि मग तोच दोष गुण ठरतो. याउलट, राखेतून डोकावणारे डोळे तेवढे धारदार ठेवून बाकी सगळे गडद करणारे चित्र स्पर्धेत बक्षीस मिळवील, पण व्रताला पुन्हा 'आदिवासी चेहऱ्या'च्या जुन्या नमुन्यात बसवील. ही परीक्षा तंत्राच्या ज्ञानावर होत नाही. तिला पालन म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते.

तिसऱ्या पक्षाला स्वतः बोलता आले तर काय होते, याचे ठळक उदाहरण पालघर जिल्ह्यात आहे. छायाचित्रकार गौरी गिल 2013 साली डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावात होत्या. वारली चित्रकार राजेश वांगड यांनी त्यांना गाव दाखवले, जागोजागच्या गोष्टी सांगितल्या, आणि गिल यांनी त्या परिसरात त्यांची छायाचित्रे काढली. चित्रे हाती आल्यावर त्यांत वांगड यांनी सांगितलेले काहीच उतरले नसल्याचे गिल यांना जाणवले. मग त्याच छायाचित्रांवर वांगड यांनी शाईने रेखाटन केले. रिकाम्या दिसणाऱ्या माळावर झाडे, देव, माणसे, पूर्वी घडून गेलेले प्रसंग आले. 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका अशी घडली. छायाचित्रावर याहून नेमका अभिप्राय क्वचितच मिळतो. त्यात निंदा नाही आणि स्तुतीही नाही. काय राहून गेले, तेवढे त्याच कागदावर भरून दिले आहे.

दुसऱ्याचे उणे कसे पाहावे याबद्दल ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात जे सांगितले आहे, ते या कृतीच्या फार जवळ जाते. दैवी संपत्तीतल्या अपैशुन्य, म्हणजे चहाडी न करणे, या गुणाचे निरूपण करताना ज्ञानदेव सांगतात, की समोरच्याचा दोष आधी आपल्या दृष्टीने निर्मळ करावा, त्याची उणीव आपल्या गुणाने भरून काढावी आणि मगच त्याच्याकडे पाहावे. वर्मी घाव घालू नये, दोषाच्या नावाने कोणाला हाक मारू नये. हा उपदेश गोड बोलण्याचा समजला जातो, पण तो पाहण्याच्या क्रमाचा आहे. आधी भर, मग नजर. प्रयोगशील चित्रापुढे याचा अर्थ असा होतो, की हे चित्र कशासाठी काढले असेल त्याची सर्वांत समर्थ शक्यता भावकाने आधी स्वतःच्या मनात उभी करावी आणि चित्र तिथपर्यंत पोचते का ते मग तपासावे. अरोचकी याच्या उलट क्रमाने जातो आणि वाटेतच थांबतो.

सारंगखेड्याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजारही. उधळलेल्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवून काढलेले एक चित्र आहे: धूळ आडव्या पट्ट्यांत ओढली गेली आहे, घोडा जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि उजव्या कोपऱ्यात लगाम धरलेला हात तेवढा स्पष्ट उरला आहे. 'घोडा नीट आला नाही' हा अभिप्राय वाया जाणारा आहे. 'वेग छान पकडला' हाही तसाच. तो अशा कोणत्याही चित्राला चिकटवता येतो. याउलट 'नजर हातावर जाऊन थांबते, त्यामुळे चित्र घोड्याचे न राहता आवरण्याचे झाले आहे. तेच हवे असेल तर वरच्या डाव्या बाजूचा पांढरा तंबू नजर परत खेचतो' या बोलण्यात छायाचित्रकाराला हाती धरण्यासारखे काही आहे. त्यात जे दिसते ते आधी आले, त्यावरून काढलेला अर्थ नंतर आला, आणि सुचवलेला बदल 'हवे असेल तर' या अटीवर आला.

ही अट जैन तर्कशास्त्राच्या स्याद्वादातली आहे. वस्तू अनंतधर्मी असते, कोणतेही विधान एका नयापुरतेच, म्हणजे एका बाजूपुरतेच खरे असते, आणि ती बाजू सांगितल्याखेरीज विधान पुरे होत नाही. अभिप्रायात 'मला वाटते' हे शब्द पुष्कळदा सभ्यतेचे लोढणे म्हणून येतात. कोणत्या बाजूने वाटते, रचनेच्या, व्रताच्या की भिंतीवर टांगण्याच्या, हे त्यांना जोडून आले तरच त्यांना अर्थ येतो.

उरतो तो अप्रिय सत्याचा भाग. मज्झिमनिकायातल्या अभयराजकुमारसुत्तात या प्रश्नाचा निवाडा आहे. खोटे किंवा निरर्थक वचन बुद्ध उच्चारत नाही, मग ते ऐकणाऱ्याला प्रिय असो वा अप्रिय. सत्य आणि हितकर वचन मात्र तो अप्रिय असले तरी बोलतो, पण वेळ ओळखून. छायाचित्रकारांच्या बैठकीत वेळ ओळखणे म्हणजे बहुतेकदा दोन प्रश्नांची गल्लत न करणे. चित्र साधले का, हा एक प्रश्न आणि ते लोकांपुढे मांडावे का, हा दुसरा. पहिल्याची चर्चा चारचौघांत होऊ शकते आणि तिथे परखडपणा पचतो. दुसरा प्रश्न असा चव्हाट्यावर काढला, तर छायाचित्रकार हटून बसतो आणि चित्रातल्या माणसाची बाजू तशीच राहते. तो एकांतात काढावा लागतो, आणि शक्य असेल तर गावातल्या माणसासमक्ष. काठीच्या होळीत नाचलेला माणूस पुढच्या फाल्गुनात आपले चित्र पाहून 'हे ठेवू नका' म्हणाला, तर चित्राची प्रत काही कमी होत नाही. भावकाने आधी दिलेली दाद तशीच खरी राहते. फक्त ते चित्र भिंतीवर येत नाही.