तंबू कोणत्या गावाकडे ठोकावा?



इंजिनिअरिंगचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "फादर, मुलाला पुण्यातही नोकरी मिळतेय आणि बंगळूरलाही. कुठे पाठवू?" कोणाच्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचे असते. कोणी सातपूरच्या कारखान्यात पंधरा वर्षे काढून आता अंबडला गाळा भाड्याने घ्यायचा, दोन लेथ टाकायचे म्हणत असतो. घरचे म्हणतात, त्यापेक्षा चाकणला नोकरी बघा. पगार, घरभाडे, बढती यांचा हिशेब घरी झालेलाच असतो. तरीही ही मंडळी धर्मगुरूकडे येतात, कारण त्या हिशेबात काहीतरी राहून गेले आहे असे त्यांचे त्यांनाच वाटत असते. काय राहून गेले आहे, त्याचा आज विचार करू या.

आधी एक गैरसमज दूर करू. घरी राहणारा निष्ठावान आणि बाहेर जाणारा स्वार्थी, असे चर्च मानत नाही. आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबे मूळची नाशिकची आहेत? संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतून आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील इकडे आले. कोणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले, कोणी ओझरच्या एच.ए.एल.मध्ये मिग विमानांच्या कामावर, कोणी सातपूरच्या मायकोत. ते केवळ पगारासाठी आले नाहीत. जिथे पाणवठा वेगळा होता आणि वाट्याला येणारे काम जन्मावरून ठरत होते, तिथून बाहेर पडणे म्हणजे माणूस म्हणून उभे राहणे होते. त्यांच्या स्थलांतराला स्वार्थ म्हणण्याचे धाडस कोण करील?

चर्चची शिकवणही हेच सांगते. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात स्थलांतराचा हक्क मान्य केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये तो पुन्हा सांगितला, पण त्याची किंमतही सांगितली: जाणाऱ्याच्या बुद्धीला आणि श्रमांना त्याचा मूळ समाज मुकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात, जावे की राहावे हे माणसाला मोकळेपणाने ठरवता आले पाहिजे, यावर भर दिला. म्हणजे जाण्याचा हक्क आहे आणि राहण्याचाही. पण हक्क आहे म्हणून प्रत्येक निवड योग्य ठरत नाही. मग योग्य निवड कशी ओळखावी?

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात हाच प्रसंग आहे. अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गुरेढोरे इतकी वाढली की एका मुलखात दोघांचा निभाव लागेना. गुराख्यांची भांडणे होऊ लागली. अब्राहाम वडीलधारा; तरी त्याने आधी निवडण्याचा मान लोटाला दिला. लोटाने नजर वर करून पाहिले. यार्देन नदीकाठचे भरपूर पाण्याचे खोरे त्याला दिसले. ते त्याने निवडले आणि सदोमाकडे आपला तंबू ठोकला.

लोटाचे काय चुकले? गुरांना पाणी लागते. पाणी पाहून जागा निवडणे हे पाप नव्हे. चुकले ते एवढेच, की त्याने जमीन पाहिली आणि माणसे पाहिली नाहीत. तिथले लोक कसे आहेत, तिथे आपली मुलेबाळे कशी होतील, हा प्रश्न त्याने विचारल्याचे पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

ॲरिस्टॉटल म्हणतो, सद्गुण सवयीने अंगी येतात. न्यायाची कामे करत करत माणूस न्यायी होतो. आता पाहा, आपण रोज काय करणार, कोणासोबत बसणार, कोणाच्या अडचणीला धावणार, हे बऱ्याच अंशी आपण राहतो कुठे यावर ठरते. म्हणून जागा निवडताना आपण शेजारी निवडत असतो, आणि त्यांच्यासोबत आपण कोण होणार हेही काही अंशी निवडत असतो. पगाराच्या हिशेबात राहून जाते ते हे.

संत थॉमस अक्वायनस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्ला घेणे, निवाडा करणे आणि ठरले ते अमलात आणणे.

सल्ला घ्यायचा तो कोणाचा? नाताळच्या सुट्टीत नवी गाडी घेऊन आलेल्याचाच नको. तीन-चार वर्षे तिथे राहून ज्याने बरेवाईट दोन्ही पाहिले, त्याला विचारा. रोजचा प्रवास किती तासांचा? रविवार मोकळा मिळतो का? चर्च किती लांब? आजारी पडलास तेव्हा दार कोणी वाजवले? आणि इकडे आईला दवाखान्यात कोण नेणार? पालकांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा: परदेशात जाण्याची ओढ मुलाची आहे, की मुलगा परदेशात आहे हे चारचौघांत सांगण्याची ओढ आमची आहे? घर गहाण ठेवून कर्ज काढण्यापूर्वी याचे उत्तर घरात मोठ्याने बोलले गेले पाहिजे.

निवाड्यासाठी संत इग्नाती लोयोला यांनी एक साधी कसोटी दिली आहे. कधी न पाहिलेला एखादा माणूस, ज्याचे सर्वस्वी भले व्हावे असे तुम्हाला वाटते, तुमचीच अडचण घेऊन तुमच्याकडे आला आहे अशी कल्पना करा. त्याला जो सल्ला द्याल, तोच स्वतः पाळा. परक्याला सल्ला देताना आपली हाव आणि आपली भीती मध्ये येत नाहीत.

तिसरी पायरी अंमलाची. येथे बरेच जण अडखळतात. दहा वर्षे पुण्यात राहूनही त्यांची बॅग भरलेलीच असते. तिथल्या धर्मग्रामात नाव नाही, शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही, मन नाशिकला आणि शरीर हिंजवडीला. यरुशलेमहून बाबेलला जे बंदिवान नेले, त्यांत कारागीर आणि लोहार होते. त्या काळचे इंजिनिअरच म्हणा! यिर्मयाने त्यांना पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. सक्तीने नेलेल्यांना जर हे सांगितले, तर आपखुशीने गेलेल्यांना ते किती अधिक लागू आहे!

धंदा काढणाऱ्यांसाठी थोडे वेगळे बोलावे लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील तंत्रशिक्षण संस्थेची नोकरी सोडून बेळगाव गाठले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर. पुढे कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचे माळरान देऊ केले, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. त्या माळावर यार्देनचे खोरे नव्हते. एकाने विश्वास टाकला आणि दुसऱ्याने कारखान्याबरोबर माणसांचे गाव वसवले.

आपल्या नाशिकमध्ये धंदा काढू पाहणाऱ्याने हे भांडवल मोजावे. कोणता फिटर हाताचा चांगला, कोणता प्लेटिंगवाला वेळ पाळतो, अडीनडीला कोण उधारीवर माल देईल, हे इथे पंधरा वर्षे काम केलेल्याला ठाऊक असते. परगावी ते नव्याने कमवावे लागते. पण इथे राहून धंदा काढला म्हणजे पुण्य केले असेही नाही. एकाच बड्या कंपनीच्या जॉब वर्कवर अवलंबून राहिलात आणि पैसे अडकले की खरी परीक्षा असते. लघुउद्योगांचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते व्हावेत असा कायदा २००६ पासून आहे; पण काम जाईल या भीतीने लहान मालक तोंड उघडत नाही. अशा वेळी तो भार कोणावर टाकता? लेथवरच्या पोरावर? संत याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, अमुक नगरात जाऊ, वर्षभर व्यापार करू, पैसा मिळवू असे बेत करणाऱ्यांना उद्याचा भरवसा कोणाला, असे विचारले आहे. आणि पाचव्या अध्यायात, मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असे बजावले आहे. कुठे जायचे हा प्रश्न आणि कोणाचे देणे थकले आहे हा प्रश्न याकोबाने असे शेजारी ठेवले, ते उगीच नव्हे.

शेवटी, जे मागे राहतात त्यांच्याविषयी. पुढे लढाईत लोट पकडला गेला. बातमी कळताच अब्राहाम आपल्या घरची तीनशे अठरा माणसे घेऊन निघाला आणि त्याला सोडवून आणले. 'तूच निवडलेस, आता भोग' असे तो म्हणाला नाही. गेलेल्याची जबाबदारी राहिलेल्यावर असते. म्हणून आपल्यातून बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या आईवडिलांना दवाखान्यात नेणारे कोणीतरी याच धर्मग्रामात असले पाहिजे. आणि केरळ, झारखंड, तामिळनाडूतून कामासाठी आलेली जी कुटुंबे आपल्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसतात, त्यांना त्यांचे नाव विचारणारेही कोणीतरी असले पाहिजे. आपल्या मुलांनी ज्याला परगाव म्हणावे, तिथे त्यांना जे मिळावे असे आपल्याला वाटते, ते या लोकांना आपल्या परगावात मिळते का?

या रविवारी मिस्सेनंतर घाई करू नका. मागच्या बाकाकडे वळून पाहा.

जाणाऱ्यांना, राहणाऱ्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना प्रभू येशू आपल्या विवेकाचे व शांतीचे दान देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू