घाई वेगळी, बेदरकारी वेगळी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५

तामस कर्म कशाला म्हणायचं, ते भगवंत या श्लोकात सांगतात. हा श्लोक वाचताना मला आपल्या रोजच्या बोलण्यातले काही इंग्रजी शब्द आठवतात : हेस्टी, इम्पल्सिव्ह, रॅश, रेकलेस. मराठीत सांगताना आपण या सगळ्यांना 'घाई' म्हणून मोकळे होतो. पण हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत.

हेस्टी म्हणजे घाईघाईत उरकलेलं. इम्पल्सिव्ह म्हणजे मनात ऊर्मी आली आणि तिनेच आपल्याला पुढे ढकललं. रॅश म्हणजे मागचापुढचा विचार न करता मारलेली उडी. आणि रेकलेस? जुन्या इंग्रजीत 'रेक' म्हणजे पर्वा करणं. ज्याला ती नाही, तो रेकलेस. गंमत बघा, या शब्दाच्या मुळात वेग कुठेच नाही. आपला 'बेदरकार' शब्दही अगदी तसाच आहे. दरकार म्हणजे पर्वा, ती नसलेला तो बेदरकार.

मग देवाला नको आहे ते काय, वेग की बेपर्वाई?

श्लोक नीट पाहिला तर त्यात वेगाबद्दल एक शब्दही नाही. भगवंत चार गोष्टी मोजतात. अनुबंध, म्हणजे या कर्मामागून काय येणार. क्षय, म्हणजे यात काय गमावलं जाणार. हिंसा, म्हणजे कुणाला इजा होणार. आणि पौरुष, म्हणजे आपल्याला हे खरंच झेपणार का. या चारांकडे न बघता मोहाने सुरू केलेलं कर्म तामस.

आता हे रस्त्यावर आणून बघू. आमचं वरकुटे इंदापूर तालुक्यातलं. पुण्यात नोकरी करणारी आमच्याकडची पोरं सुट्टीला रात्री सोलापूर हायवेने गावी येतात. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलं की गाळपाच्या दिवसांत पुढे दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर असतोच. मागे अर्धा तास रेंगाळायचं की बाहेर काढून ओव्हरटेक करायचा? इथे गीतेचे चारही प्रश्न उभे राहतात. पुढच्या वळणापलीकडे काय आहे? दहा मिनिटं वाचवताना काय घालवून बसू? समोरून मोटरसायकलवर कुणाचं लेकरू येत असेल तर? दिवसभर स्क्रीन बघून थकलेल्या माझ्या डोळ्यांना अंधारातलं अंतर कळतंय का? उत्तर माहीत नसेल, तर मागेच राहायचं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, पण काही झालं नाही ना!" कायदासुद्धा हे उत्तर मान्य करत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (पूर्वी भारतीय दंड संहितेत ते २७९ होतं) सार्वजनिक रस्त्यावरच्या रॅश ड्रायव्हिंगबद्दल आहे. माणसाचा जीव धोक्यात येईल असं वाहन चालवणं हाच गुन्हा, त्यासाठी कुणी मरावं लागत नाही. गीताही परिणाम काय झाला ते विचारत नाही. निघताना तू बघितलंस का, एवढंच विचारते. सुखरूप पोचलो म्हणून ते कर्म सात्त्विक होत नाही. त्या रात्री समोरून कुणी आलं नाही, ही फक्त त्याची कृपा.

पण म्हणून वेग वाईट का? आमच्याच तालुक्यात बेलवाडीला तुकोबारायांच्या पालखीचं रिंगण होतं. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुसाट सुटतो. त्या धावण्याला कुणी बेदरकार म्हणत नाही. कारण आधी रिंगण आखलेलं असतं, माणसं कडेला घेतलेली असतात, वाट मोकळी केलेली असते. काळजी आधी, वेग नंतर. लोक तर अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आणि आपला विठुराया? भक्तासाठी तोसुद्धा धावतच येतो, अशी आपली श्रद्धा आहे.

उलट बाजूही आहे. याच अध्यायात पुढे २८व्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणं येतात. त्यात 'दीर्घसूत्री' आहे, म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलत राहणारा. म्हणजे अविचाराने उडी मारणारा आणि नुसता विचारच करत बसणारा, दोघंही तमोगुणातच. एखाद्याला रक्ताची गरज असताना "बघू, विचार करून सांगतो" म्हणणं हा विवेक नव्हे. तिथे उठून पळायलाच हवं.

आजचा संकल्प : रागात टाइप केलेला मेसेज असो, राजीनाम्याचा ईमेल असो, की गाडीचा ॲक्सिलरेटर. दाबण्याआधी ते चार शब्द मनात म्हणायचे. अनुबंध, क्षय, हिंसा, पौरुष. उत्तर स्वच्छ मिळालं तर खुशाल धावा.

राम कृष्ण हरी! 🙏