हजार क्रोनरचे पुण्य

डेन्मार्कच्या दहाव्या ख्रिश्चन राजाची एक गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. जर्मनांनी ज्यूंना छातीवर पिवळी चांदणी लावण्याचा हुकूम सोडला, तेव्हा हा राजा स्वतःच ती चांदणी लावून घोड्यावरून कोपनहेगनच्या रस्त्यांत फिरला म्हणे. गोष्ट मोठी देखणी आहे, पण खरी नाही. डेन्मार्कमधल्या ज्यूंवर तो हुकूम कधी निघालाच नव्हता; मग राजा चांदणी लावणार कशाला?

१९४३ साली त्या देशात खरोखर जे घडले, ते इतके देखणे नव्हते.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा शिरल्या आणि डेन्मार्कने काही तासांतच शस्त्रे खाली ठेवली. पुढे तीन वर्षे तिथले सरकार जर्मनांशी जुळवून घेत कारभार हाकीत होते. या पडखाऊपणाला शौर्य कोण म्हणेल? पण त्याच आडोशाला तिथले ज्यू तीन वर्षे आपापल्या घरी राहिले, हेही खोटे नाही. १९४३ च्या ऑगस्टमध्ये गावोगाव संप पेटले. जर्मनांच्या कडक मागण्या सरकारने नाकारल्या, २९ तारखेला लष्करी अंमल सुरू झाला आणि डॅनिश आरमाराने आपली जहाजे आपल्याच हातांनी बुडवली. देशाची मान ताठ झाली आणि आडोसा गेला.

सप्टेंबरअखेर धरपकडीचा बेत फुटला. फोडणारा होता जर्मन वकिलातीतला जहाजवाहतुकीचा अधिकारी गेओर्ग डुकविट्झ. म्हणजे नाझी पक्षाचाच सभासद! १ ऑक्टोबरच्या रात्री शिपायांनी दारे ठोठावली, तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती. माणसे शेजाऱ्यांकडे, चर्चमध्ये, इस्पितळांत लपली होती. पुढच्या काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक जण कोळ्यांच्या होड्यांतून ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोचले.

आता अडचणीची बाब. कोळ्यांनी पैसे घेतले. माणशी सरासरी १००० क्रोनर, आणि सामान्य माणसाची महिन्याची कमाई तेव्हा ५०० च्या आतच. पहिल्या दिवसांत तर काहींनी याच्या कितीतरी पट मागितले.

हे वाचले की मन खट्टू होते. निष्काम कर्माचे धडे लहानपणापासून गिरवलेले आपण; मोबदला आला की पुण्य संपले, असा आपला हिशेब. पण रात्री दोन वाजता पावसातून आलेला डॉक्टर फी घेतो, म्हणून त्याचे येणे आपण खात्यातून वजा करतो का? होडी पकडली गेली तर कोळ्याची होडी जाणार, तो तुरुंगात जाणार आणि घरची चूल विझणार. त्याने मागितलेले पैसे मला समजतात. भेदरलेल्या माणसाची गरज पाहून भाव चढवणारा मात्र समजत नाही; त्याला लुबाडणूकच म्हटले पाहिजे, मग त्याचा उतारू सुखरूप पोचलेला असो. लोकांनी वर्गण्या गोळा केल्या, भाव खाली आणले, ज्याच्यापाशी दमडी नव्हती त्यालाही होडीत बसवले. काहींनी पैसे घेतलेच नाहीत. हे सगळे एकाच किनाऱ्यावर, एकाच महिन्यात.

घोड्यावरचा राजा आपल्याला का आवडतो, याचा मला हल्ली संशय येतो. त्याच्यासारखे होणे आपल्याला शक्यच नसते, म्हणून नुसत्या टाळ्या वाजवून मोकळे होता येते. हजार क्रोनर घेणारा कोळी तशी सुटका देत नाही. तो आपल्यासारखाच आहे, आणि तरी तो गेला. हजार काय, दहा हजार मिळाले असते तरी त्या रात्री मी होडी पाण्यात लोटली असती, असे मला छातीठोक सांगता येत नाही.

सगळेच सुटले नाहीत. गिलेलाय या कोळ्यांच्या गावी चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० जण जर्मनांच्या हाती लागले. एकूण पावणेपाचशेच्या आसपास माणसे टेरेझिनच्या छावणीत गेली.

१९४५ मध्ये निर्वासित स्वीडनहून परतले. कित्येकांची घरे शेजाऱ्यांनी झाडून-पुसून ठेवली होती. आणि कित्येकांनी आपल्या दाराची घंटा वाजवली, तेव्हा दार उघडले ते अनोळखी माणसाने.