दार उघडणं म्हणजेच दया का?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३२

ध्यानयोगाच्या अध्यायात भगवंत म्हणतात की, जो स्वतःवरून दुसऱ्याचं सुखदुःख ओळखतो आणि सगळीकडे सारखंच पाहतो, तो योगी सर्वांत श्रेष्ठ. या दृष्टीला एक सुंदर शब्द आहे : आत्मौपम्य. मला लागलं की दुखतं, तसं समोरच्यालाही दुखतं. पाठ करायला हा श्लोक अगदी सोपा आहे. पण समोरचा जीव बोलू शकत नसेल, त्याला समजावून सांगता येत नसेल, आणि त्याच्या भल्यासाठी त्याच्या मनाविरुद्ध वागावं लागत असेल, तर? तेव्हा ‘स्वतःवरून ओळखणं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या घरी या वर्षी सहा आठवडे याच प्रश्नाचा अभ्यास चालला होता. आमची मनी, फ्लॅटमध्येच वाढलेली, कधी जिन्यातसुद्धा न गेलेली मांजर. कपाटावरून उडी मारताना तिचा पाय पडद्यात अडकला आणि मागच्या डाव्या पायाच्या नडगीला चीर गेली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्प्लिंट लावून बँडेज बांधलं आणि म्हणाले, “हाड जुळेल. पण सहा आठवडे उडी नाही, पळापळ नाही. मोठा पिंजरा आणा.” मांजराला ‘जरा सांभाळून चाल’ असं सांगता येत नाही ना! दुखणं थोडं कमी झालं की ती लगेच खिडकीवर झेप घेणार, आणि अर्धवट जुळलेलं हाड पुन्हा निखळणार.

पिंजरा आला. आत मऊ अंथरूण, पाणी, आणि पाय फार न उचलता जाता यावं म्हणून कमी काठाचा लिटर ट्रे. पहिल्या रात्री मनी पहाटेपर्यंत ओरडत होती. आजी उठून बसली आणि म्हणाली, “अगं, सोड तिला. मुक्या जिवाला असं कोंडू नये. पाप लागतं.”

आजीचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. आत्मौपम्याचाच तर तो आवाज होता! मला कुणी सहा आठवडे कोंडलं असतं तर मीही ओरडले असते. मग दार उघडणं हीच दया नाही का?

इथे जरा थांबू या. ‘आपल्यावरून दुसऱ्याला ओळखावं’ याचे दोन अर्थ होतात. एक, ‘जे मला बरं वाटतं तेच तिला बरं.’ दुसरा, ‘माझं दुःख मला जितकं खरं, तितकंच तिचं दुःख तिला खरं.’ ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. पण फरक किती मोठा आहे ते एका गोळीवरून कळतं. आपलं अंग दुखलं की आपण पॅरासिटामॉल घेतो आणि बरं वाटतं. तीच गोळी मांजराला विष आहे. तिचं यकृत ते औषध आपल्यासारखं निकामी करू शकत नाही, आणि एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. म्हणजे केवळ स्वतःवरून अंदाज बांधून केलेली ‘दया’ जीवघेणी ठरू शकते, आणि तीही अगदी प्रेमाने दिलेली! म्हणून मांजराला वेदनाशामक द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलंच.

भगवंत दुसरा अर्थ सांगत आहेत, असं मला वाटतं. ‘सुख असो वा दुःख’ या शब्दांत तिचं सुख, तिचं दुःख अभिप्रेत आहे. ते ओळखायला आधी तिच्याकडे नीट पाहावं लागतं. मांजर वेदना लपवते. घुरघुरते म्हणजे खुशीत आहे असंही नाही, दुखत असतानाही ती घुरघुरते. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पद्धत २०१९ साली प्रसिद्ध केली. कान कसे आहेत, डोळे किती मिटलेत, नाकातोंडाचा भाग ताणलाय का, मिशा कशा आहेत, मान खाली गेलीय का, या पाच गोष्टी पाहायच्या. मला तर हे वाचून आत्मौपम्याचा गृहपाठच वाटला. भावनेनं भरून येणं सोपं आहे. रोज सकाळी दोन मिनिटं शांत बसून त्या चेहऱ्याकडे पाहणं, ही साधना आहे.

आणि असं पाहायला लागलं की एक अवघड गोष्ट दिसते. रात्री दोन वाजता मनी ओरडते तेव्हा खोलीत दोन दुःखं असतात. एक तिचं. दुसरं माझं, म्हणजे तिचं ओरडणं मला ऐकवत नाही हे. दार उघडलं की माझं दुःख त्या क्षणी संपतं. तिचं मात्र कदाचित आयुष्यभराचं होतं. आपण ज्याला दया म्हणतो, ती पुष्कळदा स्वतःची अस्वस्थता थांबवण्याची धडपड असते. श्लोक सांगतो की दोन्हींकडे सारखंच पाहा. माझं दुःख तिच्या दुःखापेक्षा मोठं धरू नका.

गंमत म्हणजे, हे ऐकल्यावर अर्जुनही लगेच अडतो. पुढच्याच दोन श्लोकांत तो म्हणतो की, ही समता टिकेलसं मला दिसत नाही, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. आणि ३५व्या श्लोकात भगवंत उत्तर देतात : अभ्यास आणि वैराग्य. दुखऱ्या जिवाची सेवा करणाऱ्यांनाही हीच दोन औषधं लागू पडतात, बरं का.

अभ्यास म्हणजे रोजचं तेच ते काम. वेळेवर औषध. ट्रे साफ. बँडेज कोरडं आहे ना, वास येत नाही ना, बोटं सुजली किंवा गार पडली नाहीत ना, हे पाहणं. तसं दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जाणं. ती खातेय ना, इकडे लक्ष ठेवणं, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतावर बेततं. पिंजरा हॉलमध्ये माणसांच्या सोबतीत ठेवणं, अर्धा भाग चादरीने झाकून तिला लपायला जागा देणं. कोंडणं टळत नसेल, तर त्यातला त्रास जितका कमी करता येईल तितका करणं.

आणि वैराग्य? ते ‘तिने माझ्यावर प्रेम करावं’ या अपेक्षेबद्दलचं. औषध देणाऱ्या हातावर मनी फिसकारायची. सहा आठवड्यांनी दुसरा एक्स-रे चांगला आला आणि दार उघडलं, तेव्हा ती लंगडत माझ्या बाजूने निघून गेली आणि थेट आजीच्या मांडीवर जाऊन बसली! असू दे. पाय तिचा जुळायचा होता, मान माझा व्हायचा नव्हता.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली राजा भरताची कथा इथे आठवते. नदीत पडलेलं हरणाचं अनाथ पाडस त्याने वाचवलं, वाढवलं, आणि त्याच्यातच इतका गुंतला की नित्य उपासना सुटली. अंतकाळीही मनात हरिणच होतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा आला. कुणी म्हणेल, बघा, प्राण्यांच्या नादी लागू नये. पण पाडसाला पाण्याबाहेर काढणं चूक होतं, असं मला त्या कथेत कुठेच दिसत नाही. दया होती, पण तिच्याजोडीला वैराग्य उरलं नाही, एवढंच.

आता एक शंका तुमच्याही मनात आली असेल. ‘तुझ्या भल्यासाठीच करतोय’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते खरं नव्हतं. मग खरी काळजी आणि नुसती सत्ता यांतला फरक कसा ओळखायचा? मी तीन प्रश्न विचारते. या बंधनाला शेवटची तारीख आहे का? ते तिच्या गरजेचं आहे की माझ्या सोयीचं? आणि तिच्या रागाला इथे जागा आहे का, की तिने वर आभारही मानावेत अशी माझी अपेक्षा आहे? शिवाय माणसाला विचारता येतं. ज्याला विचारता येतं त्याला न विचारता मांजराचा न्याय लावणं, हे आत्मौपम्य नव्हेच.

म्हणूनच ‘देवही आपल्याला असाच पिंजऱ्यात ठेवतो, आपल्याला कळत नाही इतकंच’ असं म्हणताना मी जपून असते. माझ्या दुःखाबद्दल मी तसं म्हणेन, त्यातून मला बळही मिळेल. पण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ते म्हणण्याचा अधिकार मला नाही. श्लोक दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावायला सांगत नाही. ते आपल्या दुःखाइतकंच खरं माना, एवढंच सांगतो.

आजचा संकल्प : आज कुणाचा तरी त्रास पाहून काहीतरी करावंसं वाटेल. करण्याआधी एक श्वास थांबा आणि स्वतःला विचारा, यातून कुणाचं दुःख कमी होणार आहे, त्याचं की माझं?

हे विठ्ठला, दुसऱ्याचं दुःख पाहायला डोळे दे, आणि ते पाहून न डगमगता योग्य तेच करायला हात दे.

राम कृष्ण हरी!