फक्त विकणारा, फक्त पाहणारा



लहान मुलांवरील अत्याचाराची चित्रफीत विकणाऱ्याला जाब विचारला तर तो म्हणेल, ‘मी फक्त विकली.’ घेणारा म्हणेल, ‘मी फक्त पाहिली.’ आणि शेजारी म्हणतील, ‘आम्हाला काय करायचे आहे?’ ही तीनही उत्तरे आज आपण विवेकाच्या तराजूत घालून पाहू या.

पूर्वी सीडीच्या दुकानात मागच्या खणातून विकला जाणारा हा माल पुढे मोबाईलच्या मेमरी कार्डात आला आणि आता बंद गटांतून फिरतो. दुकान बदलले, प्रश्न बदललेला नाही.

गोव्यात १९९१ साली फ्रेडी पीट्स नावाच्या इसमाला अटक झाली. मडगावजवळ निराधार मुलांसाठी वसतिगृह चालवणारा परोपकारी गृहस्थ अशी त्याची ख्याती होती. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. शीला बारसे यांच्यासारख्या कार्यकर्तीने खटल्याचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ च्या गोवा बाल कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट केली. छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला मुलांचे असे चित्र आढळले तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे ठरवले. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तशीच जबाबदारी देशभरातील स्टुडिओ, हॉटेल, लॉज आणि इस्पितळांवर टाकली. म्हणजे ‘आमचे काम फक्त फिल्म धुण्याचे’ हे उत्तर कायद्यानेच नाकारले.

नीतिशास्त्र हेच वेगळ्या शब्दांत सांगते. दुष्कृत्य करणारा एक असतो, पण त्याला हात देणारे अनेक असतात. प्रत्येकाचा दोष सारखा नसतो. सुरी विकणाऱ्याला खुनाचा दोष लागत नाही, कारण सुरीने भाजीही चिरता येते. पण या चित्रफितीचा दुसरा चांगला उपयोग कोणता? एकही नाही. म्हणून तो माल ओळखून विकणाऱ्याला ‘फक्त’ या शब्दाआड लपता येत नाही.

पाहणाऱ्याचे काय? आपल्या नाशिकचे शरणपूर आठवा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे मिशनच्या आश्रयाला वाढली. त्या मुलांना पळवणारे वेगळे आणि विकत घेणारे वेगळे होते. पण घेणारा नसता तर पळवणाराही नसता. येथे तर त्याहून जास्त आहे. मूल मोठे होते, चित्रफीत मोठी होत नाही. ती जितक्या वेळा पाहिली जाते तितक्या वेळा त्या मुलाचा त्याच्या अपरोक्ष पुन्हा वापर होतो. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चित्रफिती पाहणे आणि जवळ बाळगणे यांनाही कायद्याने दोषी धरता येते, हे स्पष्ट केले. त्यांना ‘पोर्नोग्राफी’ न म्हणता मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असेही सांगितले. नाव बदलले की ते करमणुकीचे राहत नाही. गुन्ह्याचा पुरावा ठरते.

आता राहिले शेजारी, म्हणजे आपण. संताप येणे योग्यच आहे. पण संतापाला शिस्त नसेल तर तो मुलाच्या उपयोगी पडत नाही. दुकान फोडले तर पुरावा नष्ट होतो आणि चित्रातले मूल कोठे आहे ते कधीच कळत नाही. ‘या नराधमाला शोधा’ असे लिहून चित्रफीत पुढे पाठवणारा हेतूने चांगला असला, तरी त्या मुलाची विटंबनाच वाढवतो आणि स्वतः गुन्हा करतो. पंचवटीला शिस्तीचा धडा नवा नाही. १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो दगड झेलत कित्येक वर्षे चालला. धीर सोडला नाही, म्हणूनच तो आजही आठवला जातो.

दुसरा धडा जळगावचा. १९९४ साली तेथे उघडकीस आलेल्या प्रकरणात छायाचित्रांचा धाक दाखवून मुलींचे शोषण झाले होते. बदनामीच्या भीतीने अनेकजणी साक्षीला पुढे आल्याच नाहीत. लाज गुन्हेगाराला वाटायला हवी होती, ती आपल्या समाजाने मुलींच्या पदरात टाकली. आपल्या आळीतले एखादे लेकरू उद्या बोलू पाहील, तेव्हा ‘घराण्याचे नाव जाईल’ हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही ना?

हा प्रश्न केवळ बाजाराला विचारून चालणार नाही. ख्रिस्तसभेनेही जगात अनेक ठिकाणी असेच मौन पाळले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरच्या महागुरूंच्या प्रतिनिधींना बोलावून हा विषय समोर मांडला, तो याचमुळे. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यातील जात्याच्या तळीचा दाखला प्रभूने आपल्या शिष्यांनाच दिला होता.

म्हणून एवढे करू या. असे काही आढळले तर पुढे पाठवू नये. पोलीस ठाण्यात किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. कळवणे ही मर्जीची बाब नाही, पोक्सोने ते प्रत्येक जाणत्या माणसाचे कर्तव्य ठरवले आहे. मुलाचे नाव मात्र कोणाजवळही, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा, काढू नये. आणि घरातले मूल अडखळत काही सांगू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे.