हातचे न राखता

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरे आयटीआयच्या दाखल्यावर उभी राहिली. फिटर-टर्नरचे शिक्षण, कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, मग कायम नोकरी. त्यातूनच मुलांची कॉलेजे झाली. पगाराचा करार युनियनने भांडून मिळवला होता, हे मात्र आपण पटकन विसरतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारूम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. कारागिरांचे जुने संघ मोडले आणि श्रमिक एकाकी पडला, ही त्यांची खंत होती. आज तसा एकाकी कोण? १९६१च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. त्याला विद्यावेतन मिळते, पण सुरक्षा-आरोग्याच्या तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे लागू होत नाहीत. त्याच्यासाठी बोलायचे कोणी?

आपण कायम झालेले. उमेदवार हुशार निघाला की आपल्याच पोटात गोळा येतो. उद्या हाच स्वस्तात आपल्या जागी उभा राहिला तर? म्हणून आपण हातचे राखून शिकवतो. भीती अगदीच खोटी नाही. युनियन भक्कम असेल, नोकरी सुरक्षित असेल, तर जुना कामगार मोकळ्या मनाने शिकवतो. मग पुढच्या करारात उमेदवारांना कायम करण्याची मागणी का असू नये? त्यापायी आपली पगारवाढ थोडी कमी होणार असेल, तर सभेत हात वर करण्याआधी आपण जरा इकडेतिकडे बघू, हे कबूल केलेले बरे.