मरहूमांचा चेहरा

घरात मय्यत झाल्यावर चाळीसाव्याच्या सुमारास आठवणीचे कार्ड छापण्याची रीत आता आपल्याकडेही काही घरांत आली आहे. पूर्वी त्यासाठी छापखान्यात जावे लागे. मजकूर वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून जाई. आता घरातला मुलगाच रात्री संगणकावर मजकूर जुळवतो, ए-फोर आकाराच्या जाड कागदावर चार कार्डे बसवतो, छापतो आणि कापतो. सोय झाली, खर्चही वाचला. पण मध्येच थांबवून चार प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. ते आता आपणच स्वतःला विचारायला हवेत.

फोटो जायज की नाजायज, हा वाद जुना आहे. मौलाना आझादांनी १९१२ साली सुरू केलेल्या ‘अल-हिलाल’मध्ये छायाचित्रे छापली जात, अनेक उलेमांनी मात्र फोटो नाकारला. तो वाद येथे सोडवायचा नाही. फोटो जायज मानणाऱ्यांपुढेही एक प्रश्न उरतोच: हा चेहरा वाटण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली? आयुष्यभर बुरख्याशिवाय उंबरठा न ओलांडलेल्या दादीचा घरात एकच फोटो असतो, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. गरज म्हणून तिने तो काढू दिला. तिच्या पश्चात तोच मोठा करून दोनशे घरी पाठवण्याचा हक्क नातवांना कसा मिळतो? उलट, दर ईदला शेरवानी घालून हौसेने फोटो काढून घेणाऱ्या नानांच्या बाबतीत असा संकोच कशाला? हयातीत त्या माणसाने स्वतः काय पसंत केले, हीच कसोटी असावी.

मय्यतीला गुस्ल देणाऱ्याचा एक अदब आपण जाणतो. जे झाकायचे ते त्याने झाकावे, दिसलेले ऐब बाहेर सांगू नये. कार्ड करणाऱ्याचे कामही त्याच जातीचे आहे. दवाखान्यातल्या खाटेवरचा शेवटचा फोटो म्हणूनच छापू नये. संगणकावर सुरकुत्या पुसून, ओठांवर नसलेले हसू आणून चेहरा बदलणेही बरे नव्हे. तो मग मरहूमांचा चेहरा राहत नाही, आपल्या हौसेचा होतो.

कुरआनच्या आयतीचेही तसेच. कार्ड कधी ना कधी रद्दीत जाते, पायाखाली येते. घरच्या प्रिंटरची साधी शाई तर पाण्याच्या थेंबानेही पसरते. तेव्हा आयत छापण्याऐवजी साध्या मराठीत दुआची विनंती लिहावी. खर्चही स्वतःच्या खिशातून करावा. वाटणी न झालेल्या तर्क्यात लहान मुलांचा हिस्सा असेल, तर त्याला हात लावू नये.

आणि कार्डावर एक ओळ जरूर असावी. जनाज्याच्या वेळी वारस उभे राहून सांगतात, मरहूमांकडे कोणाचे देणे असेल तर आमच्याकडे यावे. गर्दीत ते सगळ्यांना ऐकू जात नाही, दूरगावच्यांना तर नाहीच. तेच वाक्य वारसाच्या नावासह आणि फोन नंबरासह छापावे. फोटो असो वा नसो, कर्जातून सुटका ही मरहूमांची खरी गरज आहे, आणि ती आपल्याच हातात आहे.